माळ्यावरचं प्रस्थान

"भावजी, त्ये तुमचं प्रस्थान तेवढं उचलाय या. गाडी जुपाय घेतलीया," रंभाबाई बांधावर उभी राहून म्हणाली.

हैबतरावानं मान वर केली नाही. राबाला नुकताच विस्तव लावला होता. वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवलेली आग थराखालून हळूहळू सरकत होती आणि हातात निरगुडीचा ओला फाटा घेऊन तो तिच्या मागं मागं वाकून चालला होता. नाकातोंडावर लाल काठाचं जुनं उपरणं बांधलेलं, डोळे धुरानं तांबडे झालेले. अशा वेळी हैबतरावाशी कुणी बोलू नये, हे रिह्याच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण रंभाबाई भावकीतली थोरली वहिनी. नवरा कुशाबा गेल्यापासून ती कुणाला भीत नव्हती, आणि तो असतानाही फारशी भीत नव्हती.

मावळात भाताचं बी टाकायच्या आधी तेवढा जमिनीचा तुकडा भाजून घ्यावा लागतो. शेण, त्यावर झाडाच्या डहाळ्या, त्यावर पाला, गवत आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. चैत्र-वैशाखात हे सारं जाळायचं. त्याचं नाव राब. भडकून जळला तर खालची जमीन कच्ची राहते आणि पावसाबरोबर तण माजतं. धुमसत धुमसत, एका चालीनं जळला तरच रोपं काळीभोर येतात. हैबतरावाची रोपं बघायला शेजारगावची माणसं येत. बाकी कशात त्याचं नाव नव्हतं. तो ना पंच होता ना पैलवान, भजनातही त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नसे. पण राब भाजावा तर हैबतरावानं, एवढी एक गोष्ट लोक मानत आणि तेवढ्यावर त्यानं आयुष्य काढलं होतं.

रंभाबाई घराला कुलूप लावून निघाली होती. तिचा मुलगा भैरू सूसला सासऱ्याच्या शेजारी राहायला गेला होता, तो आईला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. भांडीकुंडी, जातं, देव, सगळं गाडीत चढलं होतं. राहिलं होतं माळ्यावरचं एक गाठोडं, आणि ते तिचं नव्हतं.

"राब पेटलाय वैनी. सांजच्याला येतो," हैबतराव म्हणाला.

"सांजच्याला म्या सूसला आसन. कुलपात ठिवून जाऊ का? निगालेल्या मानसाचं प्रस्थान कोंडून ठिवत्यात व्हय?" एवढं बोलून ती वळली आणि चालू लागली.

हैबतरावानं राबाकडं बघितलं, मग तिच्या पाठीकडं. पेटलेला राब सोडून तो जन्मात कधी कुठं गेला नव्हता. तो फाटा घेऊन आणखी चार पावलं आगीमागं गेला. मग फाटा टाकला, तोंडावरचं उपरणं गळ्यात सरकवलं आणि रंभाबाईच्या मागं निघाला.

त्या गाठोड्याची गोष्ट अशी.

बऱ्याच वर्षांपूर्वी कुशाबा आणि रंभाबाई घोटावड्याच्या मंडळींबरोबर बद्रीकेदारला जाऊन आले. त्या काळी हे खायचं काम नव्हतं. ऋषिकेशापर्यंत आगगाडी, पुढं थोडी मोटार आणि मग सगळा डोंगर पायांनी. जाणारा माणूस आधी गावातली भांडणं मिटवून, सगळ्यांच्या पाया पडून निघे, कारण परत येईलच याची खात्री कुणी देत नसे. हे दोघं धडधाकट परत आले. घरी मावंदं घातलं, गंगेची पूजा केली, गाव जेवलं. पान खाता खाता लोकांनी कुशाबाला विचारलं की तिथला बरफ कसा असतो. कुशाबानं जरा विचार केला आणि त्यांना समजेल असंच सांगितलं. राब भाजून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी राख कशी दिसते, पांढरीफेक, सपाट, कुणाचा पाय न पडलेली? सारा डोंगर तसा. फक्त गार.

दाराआड बायकांत हैबतरावाची सगुणा बसली होती. तिनं एकच विचारलं, की हातात घेतला तर किती वेळ राहतो. कुशाबाला ते माहीत नव्हतं. रंभाबाई म्हणाली, मी पदरात बांधून घेतला होता, मुक्कामावर येईपर्यंत पाणी झालं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता सगुणा नवऱ्याला म्हणाली, "आपुनबी जाऊ."

"जाऊ की," हैबतराव म्हणाला.

त्याला नाही म्हणायला जमतच नसे. तो हो म्हणे आणि घोंगडं भिजत ठेवी. आणि इथं तर निमित्त आयतंच होतं. बद्रीची वाट उघडते वैशाखात, म्हणजे राबाच्या आणि पेरणीच्या दिवसांत. ती बंद होते दिवाळीच्या सुमारास, तेव्हा भात कापायला आलेलं असतं. मावळातल्या माणसानं जायचं कधी? कुशाबा गेला, राब भावाच्या अंगावर टाकून गेला, आणि त्या साली त्याची रोपं पिवळी पडली. हैबतरावानं सगुणाला मुद्दाम त्याच्या बांधावर नेऊन ती रोपं दाखवली होती. देव काय, पुढच्या वर्षीही तिथंच असतो, असं वर सांगितलं होतं.

पुढं त्यांची एकुलती लेक रत्नाबाई माघात लवळ्याला दिली. हात रिकामे झाले. त्याच वैशाखात घोटावड्याची मंडळी पुन्हा निघणार होती. ह्या वेळी सगुणानं विचारलं नाही, तयारीच सुरू केली. दिवस कलला की पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन ती डोंगरावरच्या देवीपर्यंत चढून जाई आणि भरल्या हंड्यानं उतरे. चढाची सवय व्हावी म्हणून. लोक विचारत, देवीला रोज अंघोळ घालतेस का ग? ती म्हणे, व्हय, तिला उन्हाळा लागलाय. म्हसू धनगराला भात देऊन तिनं दोन जाड घोंगड्या विणून घेतल्या. सातू भाजून, दळून, त्याचं पीठ डब्यात भरलं. वाटेवरचे मुक्काम रंभाबाईकडून इतके पाठ करून घेतले की दळताना तिच्या तोंडून ओवीऐवजी देवप्रयाग, रुद्रप्रयाग अशी नावं येऊ लागली.

घोटावड्याच्या जोशांनी निघायला मुहूर्त काढून दिला, पण मंडळींची गाडी त्यानंतर चार-पाच दिवसांनी होती. अशा वेळी प्रस्थान ठेवतात. म्हणजे मुहूर्तावर आपली एखादी वस्तू, अंगावरचं कापड, अक्षता, सुपारी असं बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस घरी राहिला तरी प्रवास सुरू झाला असं धरतात. जोशांनी नीट समजावून सांगितलं होतं, "प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला. मग तो आपल्याच घरात पाहुणा. आणि एक ध्यानात ठेवा, ते परत घरी आणायचं नाही. उचललं की पुढंच न्यायचं."

रंभाबाईचं घर गावाच्या उगवतीच्या टोकाला, घोटावड्याच्या वाटेवर. म्हणून तिथं ठेवायचं ठरलं. सगुणानं आपला एक हिरवा खण घेतला आणि हैबतरावाचं, लेकीच्या लग्नात मानाचं आलेलं, लाल काठाचं उपरणं. दोघांचे कोपरे जुळवून हिरव्या दोऱ्याचे चार टाके घातले, लग्नात गाठ मारतात तशी ही गाठ. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड घालून गाठोडं बांधलं. दोघं वाजत-गाजत नव्हे, पण चारचौघांदेखत ते रंभाबाईकडं ठेवून आले.

आता खरं ते सांगायला हवं. गाठोडं ठेवताना हैबतरावाला ठाऊक होतं की आपण जाणार नाही. राब भाजायचा राहिला होता. पण प्रस्थान ठेवलं की हिचा जीव शांत होईल, चार दिवस मजेत जातील, पुढचं पुढं बघू, असं त्यानं मनाशी म्हटलं. वेळ मारून न्यायला माणूस देवाधर्माचाही उपयोग करतो, त्यातलाच हा प्रकार. जोशी काय सांगतात याकडं त्यानं कानाडोळा केला.

निघायच्या आदल्या दिवशी वळीव आला आणि राब भिजला. सगुणाचा भाऊ नथू गावातच राहायला. तो सकाळीच येऊन म्हणाला, दाजी, तुम्ही खुशाल जा. राब वाळला की मी भाजतो, डोळ्यांत तेल घालून भाजतो. सगुणा नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून दारात उभी होती.

"राब दुसऱ्याच्या हातचा नगं," हैबतराव म्हणाला. "पुढल्या सालाला नक्की जाऊ."

ती भांडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. त्यानं उत्तरंही तयार ठेवली होती. ती फक्त "बरं" म्हणाली, आत जाऊन जुनेरं नेसून आली आणि शेणाची पाटी उचलून गोठ्यात गेली. दुपारी ती रंभाबाईकडं जाऊन आली एवढं त्यानं पाहिलं. बायका बायकांपाशी मन मोकळं करतात, म्हणून त्यानं विचारलं नाही. उलट त्याचा जीव भांड्यात पडला.

राब वाळल्यावर भाजायला निघाला तेव्हा तिनं पेटीतून एक धुतलेलं उपरणं काढून त्याच्या हातात दिलं. धूर लई असतो, नाकाला बांधा म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी राबाच्या दिवसांत ती ते काढून देई आणि राब झाला की धुऊन पुन्हा पेटीत ठेवी. पेटीत असल्या उपरण्यांची थप्पी होती. कोणतं कुठलं, हे पुरुषमाणूस कशाला बघतोय?

पुढचं साल आलं आणि गेलं. त्याच्या पुढचंही. एका वर्षी बैल बसला, एका वर्षी रत्नाचं बाळंतपण, एका वर्षी काहीच नव्हतं तर हैबतरावाच्याच गुडघ्यात कळ आली. गाठोडं रंभाबाईच्या माळ्यावर तसंच राहिलं, कारण परत आणता येत नव्हतं आणि पुढं न्यायला कुणी निघत नव्हतं. गावात त्याची थट्टा झाली, मग थट्टाही जुनी झाली. सगुणा स्वतःच त्यात सामील असे. घरात कुणी आलं आणि बस म्हणालं की ती म्हणे, मी काय, पाहुणीच की हितली, निगालेय कवाची.

लावणीच्या वेळी तर तिचा खेळच ठरला होता. ओळीनं वाकून रोपं लावता लावता बायका विचारत, "सगुणे, आज कुटवर गं?" आणि ती चिखलातून हात न काढता सांगे, "आज रुद्रप्रयाग." खाचर संपत आलं की केदार, शेवटच्या बांधाला बद्रीनारायण. पाऊस कोसळत असे, सगळ्या जणी इरल्याखाली हसत. बांधावरून रोपांच्या मुठी फेकणारा हैबतरावही हसे. लावणीत हसती बाई असली की काम उरकतं, असा त्याचा हिशेब.

एकदा पौडच्या बाजारात पुण्याहून एक सरबतवाला आला होता. भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी त्यानं गोणपाटावर ठेवली होती. हैबतरावानं त्याच्याकडून एक खडा घेतला, सगुणाच्या तळहातावर ठेवला आणि चारचौघांत म्हणाला, "घे, तुजं बद्रीकेदार. हाय का न्हाई सोपं?"

सगळे हसले. तीही हसली. पण तिनं खडा टाकला नाही. मूठ मिटून ती बाजारभर त्याच्या मागं चालली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मीठ घेतलं, मिरच्या घेतल्या, बांगड्या बघितल्या, पण ती मूठ काही उघडली नाही. शेवटी एसटीच्या थांब्यावर तिनं हात उघडला, तिथं काही नव्हतं. लालबुंद झालेला तळवा तिनं डोळ्यांना लावला. हैबतरावाला वाटलं, ऊन लागलं असेल. आता ते आठवलं की त्याला तोंड लपवावंसं वाटे.

रंभाबाई एकदा सरळच म्हणाली होती, की घोटावड्याच्या बायकांचा मेळा चाललाय, तुम्ही जात नाही तर हिला तरी धाडा. हैबतरावानं सगुणाकडं बघितलं. भाकरी कोण करणार, गुरांचं कोण बघणार, हे सगळं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण बोलावं लागलं नाही. सगुणाच म्हणाली, ह्यांच्याबिगर मी कुठं जायची? त्याला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

गेल्या पावसाळ्यात तिची छाती भरली. आषाढात ती अंथरुणाला खिळली. पौडच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि हैबतरावाला बाजूला घेऊन फार आशा दिली नाही. तो घरी येऊन तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, पुढल्या वैशाखात नक्की. ती म्हणाली, "रोपं कशी हायेत?"

तो उठून पावसात गेला आणि मुळाच्या चिखलासकट रोपांची एक मूठ उपटून घेऊन आला. तिनं ती गालाला लावली. लई ग्वाड आल्यात, म्हणाली. बैलपोळ्याच्या आधी ती गेली.

हे सगळं डोक्यात घेऊनच हैबतराव रंभाबाईच्या ओसरीवर चढला. घर रिकामं झालं होतं, बोललेलं घुमत होतं. भैरू बाहेर बैलांना पाणी दाखवत होता. रंभाबाईनं शिडीवरून गाठोडं खाली घेतलं होतं आणि पदरानं पुसत होती. एवढ्या वर्षांचं गाठोडं, पण फडकं स्वच्छ होतं.

"किडामुंगी बगते," म्हणत तिनं गाठ सोडली. तांदूळ निघाले, नव्या भातासारखे पांढरे. सुपारी निघाली, हळकुंड निघालं. हिरवा खण निघाला, घडीवर पिवळा पडलेला. एवढंच.

हैबतराव वाकून बघू लागला. "माजं उपरनं?"

"त्ये ह्यात कुटलं?"

"म्या सोता ठिवलं व्हतं, वैनी. तुमच्या म्होरं."

हा माणूस सोंग करत नाही, हे रंभाबाईच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा आवाज उतरला. तिनं सांगितलं ते असं. ज्या दिवशी मंडळी निघून गेली, त्याच दुपारी सगुणा आली. तिनं गाठोडं सोडलं, दातानं टाके तोडले आणि उपरणं काढून घेतलं. रंभाबाई ओरडली, की अग प्रस्थान मोडतेस. तर ती म्हणाली, "ह्यांचा जीव राबात हाय. त्यास्नी वाटंवर टांगून ठिवायचं न्हाई, दोष लागल. माजं राहू द्या." आणि दर गुढीपाडव्याला ती येऊन तांदूळ तेवढे बदलत असे. यंदा ती नव्हती म्हणून रंभाबाईनं स्वतःच बदलले.

"त्येच की त्ये," रंभाबाई त्याच्या गळ्याकडं बोट करून म्हणाली. "तुमच्या गळ्यात हाय."

हैबतरावानं उपरणं ओढून काढलं. धुरानं काळवंडलेला लाल काठ बोटांतून सरकवत तो कोपऱ्यापाशी आला. तिथं हिरव्या दोऱ्याचं एक तूस अडकलेलं होतं. किती वेळा हा कोपरा त्यानं डोळ्यांना लावला होता, घाम पुसला होता. समोर खणाच्या काठाला तसलाच दोरा लोंबत होता.

तो ओसरीच्या कडेला खाली बसला. इतकी वर्षं त्याची समजूत होती की दोघंही अडकून पडलो आहोत, दोघांचं मिळून राहिलंय. वाईट वाटायचं तेही दोघांच्या नावानं. आणि ती तर पहिल्याच दिवशी त्याला मोकळं करून एकटीच वाटेला लागली होती. त्याच्या घरी स्वयंपाक करत होती, त्याचं भात लावत होती, आणि निघालेली होती. हे त्याला कळलं नव्हतं, कारण त्यानं कधी विचारलं नव्हतं.

रंभाबाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. मग समजुतीनं म्हणाली की भैरूचा सासरा गेणबा येत्या वैशाखात बद्रीला चाललाय. आता मोटार पुष्कळ लांबवर जाते, पूर्वीसारखा त्रास नाही. त्याला सोबत हवीच आहे. "त्याच्यासंगं तुमीबी जा, भावजी. उपरनं घाला परत ह्यात. म्या चार टाकं घालून देते. राबा-पेरनीचं काय, नथू हाय."

आता अडवायला काही राहिलं नव्हतं. बैल नव्हता, बाळंतपण नव्हतं, गुडघाही ठीक होता. हैबतरावाचा हात उपरणं घेऊन गाठोड्यापर्यंत गेला. तोंडात 'जाऊ की' आलं होतं, आयुष्यभर येत होतं तसंच. तिथं तो थांबला.

"न्हाई, वैनी," तो म्हणाला. "म्या न्हाई जायचा. ती आसताना गेलो न्हाई. आता तिच्या वाटनीचं म्या कसं बगू?"

रंभाबाईनं पुन्हा आग्रह केला नाही. जन्मात पहिल्यांदा ह्या माणसानं नाही म्हटलेलं तिनं ऐकलं होतं. तिनं खणाची घडी घातली, तांदूळ सावरले आणि गाठ मारायला घेतली.

"तिचं प्रस्थान गेनबासंगं धाडा," हैबतराव म्हणाला, "पान्यात सोडू नगा म्हनावं. बरफात ठिवा. वर, जितं कुनाचा पाय पडला नसंल तितं."

गाडी निघाली. गाठोडं रंभाबाईनं सामानात टाकलं नाही, मांडीवर घेतलं. गावात कुणी काशीला, बद्रीला निघालं की त्याला शिवेपर्यंत पोचवायला जायचं, अशी रीत. आज कुणी जमलं नव्हतं, कारण रंभाबाई सूसला चालली होती आणि सूसला जाणाऱ्याला कोण पोचवतंय? हैबतराव मात्र गाडीच्या मागं चालू लागला. रंभाबाईला आधी कळलं नाही, मग कळलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि गाठोडं त्याला दिसेल असं धरलं. वाटेत चाफा फुलला होता. त्यानं खाली पडलेली चार फुलं वेचली आणि चालत्या गाडीतच हात लांबवून गाठोड्यावर ठेवली. भैरूला वाटलं, चुलता आईचा निरोप घेतोय. त्यानं बैल हळू घेतले.

शिवेचा दगड आला. पोचवायला आलेल्यानं तो ओलांडायचा नसतो. हैबतराव दगडाच्या अलीकडं थांबला. त्यानं दोन्ही हात जोडले. बायकोला हात जोडायची रीत नाही, पण बद्रीला निघालेल्या माणसाच्या पाया पडतात, मग ते लहान असो की मोठं. गाडी घोटावड्याच्या वळणाला लागून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच होता.

परतताना त्याला राब आठवला. इतक्या वेळात भडकला असेल, नाहीतर अर्ध्यावर विझला असेल. पाय उचलत तो घाई करू लागला आणि मग घाई सोडून दिली.

शेतावर आला तेव्हा नथू बांधावर बसला होता. धूर सरला होता. सगळा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका चालीनं भाजून निघाला होता. कुठं कच्चा राहिला नव्हता, कुठं भडकल्याची खूण नव्हती. पांढरीफेक राख सपाट पसरली होती, कुणाचा पाय न पडलेली.

हैबतराव तिच्याकडं बघत उभा राहिला. फाटा त्यानं टाकला होता तिथंच पडून होता.

"झ्याक भाजलाय राब, दाजी," नथू म्हणाला. "म्या आलो तर तुमी न्हाई. म्हनलं सोडून गेलं तरी कुटं?"

"तू हात लावलास का?"

"न्हाई वं. म्या आलो तवा झालाच व्हता. आपला आपुनच भाजला."

हैबतराव त्याच्या शेजारी बांधावर बसला. उपरणं त्याच्या हातात होतं, ते त्यानं गळ्यात घातलं नाही. नथूनं पुन्हा विचारलं, कुठं गेला होता ते.

"तुज्या भनीला शिवंपातूर पोचवाय गेलो व्हतो," हैबतराव म्हणाला.

नथूनं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, आणि राख निवेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.